उलट्या आटीचं पेडल

१४ नोव्हेंबर

धाकट्यास,

पत्र माझं आहे हे अक्षरावरून कळलंच असेल. फाडायचं तर फाड, पण खालचा परिच्छेद वाचून फाड, त्यात एक कामाचा प्रश्न आहे. आशीर्वाद वगैरे लिहीत नाही. सत्तावीस वर्षांत एकदाही पाठवले नाहीत, आता एकदम पाठवले तर तुला वाटेल दादाचं काही खरं नाही.

प्रश्न असा. किनाऱ्याच्या रस्त्यावर तुमच्या बंदराच्या अलीकडे खाडी लागते. तिथे तेव्हा होडी होती, सायकली आडव्या टाकून पलीकडे न्यायचे. ती होडी अजून आहे का? आणि सुळक्यापुढचा उतार अजून दगडमातीचाच आहे, की डांबर पडलं? नकाशात सगळा रस्ता एकाच जाडीच्या रेघेने दाखवलाय. नकाशा काढणारा बहुतेक तिथून मोटारीत झोपून गेला.

विचारतो अशासाठी, की मी फेब्रुवारीत सायकलने निघतोय. आपल्या दुकानापासून शेवटच्या दीपगृहापर्यंत, पूर्ण किनारा. चारशे दहा किलोमीटर. सत्तावीस वर्षांपूर्वी आपण दोघं निघालो तेव्हा सहा दिवस धरले होते, आता मी नऊ धरलेत. एकटा जातोय. तू कुठे राहतोस ते ताईकडून कळलं. वाटेत तुझं बंदर लागतं ते भूगोलामुळे, माझा त्यात काही हात नाही.

घरात कुणाला हे पसंत नाही. गेल्या वर्षी माझ्या हृदयात एक स्टेंट बसवली. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं, ही जाळी, ही नळी, जाळी नळीला मिटू देत नाही. ट्यूबमध्ये हवा धरून ठेवण्याचा धंदा आयुष्यभर केलेल्या माणसाला ते चित्र कशाला पाहिजे? मग म्हणाले, "आता सायकल बंद."

"किती दिवस?"

"दिवस नाही काका. बंद."

मी म्हटलं, "तुमच्या स्कूटरच्या पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलंय. तुम्ही फाटकातून आत आलात तेव्हा मी खाटेवरून ऐकलं. तुम्ही स्कूटर बंद केलीत का?"

ते नर्सकडे बघून हसले. दुसऱ्या आठवड्यात स्कूटर आमच्या मुलाकडे आली, बेअरिंग बदलून गेली. माझं मात्र बंदच.

मुलाने जागेवर उभी राहणारी सायकल आणून दिली. ती माझ्या खोलीत खिडकीपाशी आहे. पाय मारायचे, घाम काढायचा, उतरायचं तिथेच जिथे चढलो होतो. पुढे लहानसा पडदा आहे, त्यावर अंतर दिसतं. काल मी सात किलोमीटर गेलो आणि समोर तीच शेजाऱ्यांची पाण्याची टाकी.

होडीचं कळव. दोन ओळी पुरे.

दादा

२ डिसेंबर

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. "होडी बंद, पूल झाला. उतार डांबरी, वळण तेच. वय झालं, घरी बस." बारा शब्द. त्यातले शेवटचे चार माझ्या कामाचे नव्हते, ते सोडून बाकीचे आठ नकाशावर लिहून घेतले.

तू उत्तर दिलंस म्हणून तुला बेत सांगतो. तुला नको असेल तर वाचू नकोस, मला सांगायला दुसरं कुणी नाही. इथे विषय काढला की सगळ्यांना एकदम कामं आठवतात.

रोज पहाटे निघायचं आणि अकराच्या आत थांबायचं. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि तो नेमका तोंडावर येतो हे तुझ्या लक्षात असेल. त्या वाऱ्याशी आपण दोन दिवस भांडलो होतो. पहिल्या दिवशी सपाटी, तेव्हा पन्नास. दुसऱ्या दिवशी तीन चढ, तेव्हा अडतीसच. मागे मोठ्या दात्यांचं फ्रीव्हील बसवलंय, त्यावर मी चढावर गोगलगाईसारखा जातो, पण जातो. अगदीच दम लागला तर उतरून ढकलीन. तरुणपणी सायकल ढकलायची लाज वाटायची, ती लाज आता गुडघ्यांनी काढून घेतली. दहा जादा स्पोक सीटच्या नळीत घातलेत. ट्यूबा दोन. औषधांची डबी सूनबाईने भरायला नकार दिला, म्हणून मीच भरली, आणि त्यात रक्तदाबाच्या गोळ्यांऐवजी तिच्याच डोकेदुखीच्या गोळ्या गेल्या. ते तिने पाहिलं आणि मुकाट्याने बदलून ठेवलं. म्हणजे ती अर्धी आपल्या बाजूची आहे.

मुलगा मात्र पक्का विरोधात. दुकान आता तोच बघतो. तीन शटरांचं झालंय, काचेच्या कपाटात हेल्मेटं मांडलेली असतात. जिथे आपण पंप आणि पाण्याचं घमेलं घेऊन फूटपाथवर बसायचो, तिथे आता गिऱ्हाइकाला बसायला सोफा आहे. मुलगा हुशार आहे, पण त्याने परवा एक बालिशपणा केला. सकाळी बघतो तर माझी सायकल भिंतीला टेकलेली आणि पुढचं चाक गायब.

"बाबा, ते म्हणाले चाक सर्व्हिसिंगला दिलंय," सूनबाई म्हणाली.

"कुणाकडे दिलं? या गावात चाक सर्व्हिसिंगला माझ्याकडे येतं."

तिने पदराआड हसू लपवलं. मी दुकानात गेलो, एक हब घेतला, एक रिम घेतली, छत्तीस स्पोक मोजले आणि मागच्या खोलीत बसलो. स्पोक एकेक छेडत गेलो. तुला माहीत आहे, ताणलेला स्पोक एक सूर लावतो, सैल असेल तो भलताच. दोन तासांत चाक उभं केलं, आउट काढला, फिरवलं तर डावीउजवीकडे केसभर हलेना. मुलगा दारात येऊन उभा होता.

"बाबा, चाक लपवलं ही माझी चूक झाली."

"चूक नाही, अपमान झाला. चाक लपवून मला अडवतोस? लपवायचं होतं तर मला लपवायचं."

त्याने लपवलेलं चाकही आणून दिलं. आता माझ्याकडे पुढची दोन चाकं आहेत आणि परवानगी एकही नाही.

सुळक्याच्या अलीकडच्या वस्तीत मुक्कामाची सोय अजून आहे का? जिथे आपण दुसऱ्या रात्री राहिलो होतो तिथे. नसेल तरी चालेल. मी पडवीतसुद्धा झोपेन.

दादा

२३ डिसेंबर

धाकट्या,

मुक्कामाबद्दल तू काही लिहिलं नाहीस. मला वाटलंच होतं. त्या वस्तीचं नाव काढायला नको होतं.

ताई आली होती, चार दिवस राहून काल गेली. तिला मुलाने फोन करून बोलावलं, मला समजवायला. दाराआडून बोलला, पण माझे कान तिखट आहेत हे या घरात सगळे वेळेवर विसरतात. "आत्या, तू सांगितलंस तर ऐकतील," म्हणाला. ताईने मला जन्मात काही समजावलेलं नाही, ती फक्त गोष्टी सांगते. रविवारी जेवताना तिने ती गोष्ट सांगितली.

कुठली ते तुला माहीत आहे. दरवेळी थोडी वाढते. आता तिच्यात तू उतारावर दोन्ही हात सोडून मिशीला पीळ देत होतास. तुला मिशीच नव्हती. "मग काय," ताई म्हणाली, "हिरो गेला खाली खडकावर. पाय कायमचा गेला. आणि आता हा म्हातारा निघालाय त्याच उतारावर." मुलगा मान हलवत होता. नातवाला मिशीचा भाग आवडला.

सूनबाईने विचारलं, "बाबा, तुम्ही मागेच होतात ना? तुम्ही पाहिलंत?"

मी म्हटलं, "मागे होतो." आणि पाणी प्यायलो.

ती माझ्याकडे बघत राहिली. ती शाळेत शिकवते, पोरं अर्धं उत्तर देतात तेव्हा तिला कळतं.

तर तुला लिहितो. तू हात सोडले नव्हतेस. तुझं डावं पेडल निघून पडलं.

दुसऱ्या दिवशी दगडावर आपटून तुझ्या पेडलचा दांडा वाकला होता. त्या वस्तीत एकच दुकान होतं, ते सायकलचं कमी आणि किराण्याचं जास्त. त्याच्याकडे पेडल होतं, पण उजवं. आपल्या धंद्यात पहिल्या दिवशी काय शिकवतात? उजव्या पेडलच्या पेचाची आटी सरळ, डाव्याची उलटी, एकाचं दुसऱ्यात जात नाही. तुला ते मीच शिकवलं होतं. पण तिथे चारपाच माणसं बघत उभी होती, दुकानदार म्हणाला "नाही बसणार", आणि मी म्हटलं, "माझ्या हातून बसत नाही असं काही नसतं." तू तेव्हा विहिरीवर अंघोळीला गेला होतास. मी पान्ह्याला लोखंडी नळी जोडली आणि जोर लावला. आटी चिरडत आत गेली. बसल्यासारखं दिसत होतं. तू आलास तेव्हा मी म्हटलं, "झालं."

पुढे दवाखान्यात आई-आबा आले, आबांनी विचारलं, कसं झालं. ते स्वतःच म्हणाले, "हात सोडले असणार याने." मी गप्प बसलो. एवढंच.

हे सांगायला सत्तावीस वर्षं लागली याचं कारण विचारू नकोस, माझ्याकडे चांगलं कारण नाही. माफी मागत नाही. मागितली तर तुला द्यावी लागेल किंवा नाकारावी लागेल, आणि तुझ्या अंगावर आणखी एक काम टाकायला मी कोण? मी फेब्रुवारीच्या सात तारखेला निघणार हे नक्की आहे. त्या उतारावरून जाणार हेही नक्की. तुझ्या दारावरून पुढे जायचं की थांबायचं, एवढं तू ठरव.

दादा

८ जानेवारी

धाकट्या,

कार्ड मिळालं. "पेडलचं मला त्याच दिवशी कळलं. मी पडलो तेव्हा ते माझ्या शेजारीच पडलं होतं, आटी दिसत होती. अजून काय?"

अजून काय म्हणजे काय? एवढं मोठं सांगितलं ते पुरलं नाही का? तुला आधीच ठाऊक होतं तर सत्तावीस वर्षं तूसुद्धा गप्प का बसलास? ताईच्या प्रत्येक कार्यात ती गोष्ट सांगितली जाते, तिला तू एक कार्ड टाकू शकत होतास. बारा शब्द तुला पुरतात. मी माझं काम केलं. कबूल करणाऱ्याला उलट तपासायचं ही कुठली रीत? तू बोटींची इंजिनं दुरुस्त करतोस असं ऐकतो. इंजिन सुरू झालं की तू त्याला अजून काय म्हणून विचारतोस का?

मी निघणार आहे. तुझं अजून काय तुझ्यापाशी ठेव.

११ जानेवारी

वरचं पत्र टाकलं नाही. तीन दिवस खिशात घेऊन फिरलो. पत्रपेटीपाशी दोनदा गेलो, दुसऱ्यांदा पेटीच बदनाम होईल असं वाटून परत आलो. फाडतही नाही. तुला माझा राग दिसावा, आणि तो किती खोटा होता तेही दिसावं.

तू बरोबर विचारलंस. अजून आहे.

मी ऐकलं होतं.

वस्तीतून निघाल्यावर पहिल्या किलोमीटरपासून ऐकत होतो. तुझा डावा पाय खाली गेला की टक्. परत खाली गेला की टक्. मी दहा हात मागे होतो. समुद्र गाजत होता, वारा होता, तरी मला ते स्वच्छ ऐकू येत होतं. रस्त्यापलीकडून चाक गेलं तर कुठल्या बाजूचा छर्रा फुटलाय ते सांगणारा मी, मला ऐकू येणार नाही? आटी सुटत चालली होती. प्रत्येक फेऱ्यात थोडी. मला आवाजावरून कळत होतं किती उरलंय.

आणि तू विचारलंस. सुळक्याच्या चढावर, घामेघूम झालेला, मागे वळून म्हणालास, "दादा, काहीतरी वाजतंय का रे?"

मी म्हटलं, "तुझे कान वाजतायत."

तू हसलास. म्हणालास, "तुला ऐकू येत नाही म्हणजे नसणारच." आणि पुढे गेलास.

हे वाक्य मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. तेव्हा थांबलो असतो तर मला म्हणावं लागलं असतं की बसलं नव्हतं, मी जबरदस्तीने घातलं. दुकानदार खरा ठरला असता. मग सायकल ढकलत दोन दिवस मागे. मी मनात हिशेब केला, की उतार संपेपर्यंत टिकेल, खाली बंदर आहे, तिथे डावं पेडल मिळेल आणि कुणाला काही कळायचं नाही. अकरा किलोमीटर मी तो हिशेब करत तुझ्या मागे आलो. वळणावर तू पेडलवर उभा राहिलास.

आणखी एक. आबा काही म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, कसं झालं. "हात सोडले असतील त्याने," हे मीच म्हणालो.

आता खरंच संपलं. तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे याहून काही नाही.

दादा

३ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पाकीट काल मिळालं. कार्ड नाही, पाकीट, आणि आत दोन्ही बाजूंनी लिहिलेला कागद. मी तो दुकानाच्या मागच्या खोलीत वाचला. मुलगा दोनदा डोकावून गेला, त्याला वाटलं छातीत दुखतंय.

त्याआधी इथलं सांगतो. मागच्या रविवारी मी ताईला परत बोलावलं, आणि जेवण वाढून झाल्यावर सगळ्यांसमोर सांगितलं. पेडल, नळी, अकरा किलोमीटर, कान वाजतायत, सगळं. नातवाला तिथून उठवून आत न्यायला निघाले होते, मी म्हटलं बसू दे, मिशी त्यानेही ऐकली होती.

ताईने हातातला घास ताटात ठेवला. मग ताई म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी काय सांगत होते?"

"खोटं."

"आणि तू ऐकत बसायचास? माझ्या तोंडून?"

"हो."

"मग आता मी काय सांगू लोकांना?"

"आता हे सांग."

ती ताट तसंच सोडून उठली आणि आतल्या खोलीत गेली. रात्रभर माझ्याशी बोलली नाही. सकाळी निघताना दारात म्हणाली, "मिशीचं मी माझ्या पदरचं घातलं होतं. तेवढं माझ्याकडे लागलं." ती माझ्याशी कधी नीट बोलेल ते माहीत नाही.

मुलाने वेगळंच केलं. सोमवारी त्याने माझी सायकल स्टँडवर चढवली आणि दोन्ही पेडलं काढून, आटी पुसून, ग्रीस लावून परत बसवली. मी बघत होतो. त्याने हात फडक्याला पुसले. शेवटी म्हणाला, "बाबा, तुमचं मी तपासायला पाहिजे असं मला आजवर कधी वाटलं नव्हतं." मला ते लागलं. लागायलाच हवं होतं. रोज सकाळी फोन करायचा या अटीवर तो जाऊ देतोय. म्हणजे मी जातोय आणि त्याने अडवणं सोडलंय.

आता तुझ्या पत्राबद्दल.

तू लिहितोस की आबांना मी जे सांगितलं ते तू पडद्यापलीकडच्या खाटेवर ऐकलंस. दादा असं सांगतोय तर तसंच असू दे, असं तेव्हा ठरवलंस. शुद्धीवर आल्यावर आबांना तूही तेच सांगितलंस, मग लग्न झाल्यावर बायकोला, मुलगी झाल्यावर मुलीला. मुलगी लहानपणी सायकल मागायची तेव्हा तू तिला म्हणायचास, "आणतो, पण माझ्यासारखे हात सोडशील तर बघ." मी एकच खोटं बोललो असं धरून चाललो होतो. तुझ्या घरात ते माझ्याशिवाय वीस वर्षं चाललंय, आणि चालवलंस तू, माझ्यासाठी.

तू गप्प का असं मी तुला विचारलं होतं. ते वाक्य परत घेतो.

आणि तू अट घातलीस. "पत्रात लिहिणं सोपं. मी माझ्या तोंडाने सांगणार नाही, आता फिरलो तर मी खोटा ठरेन. तू येऊन माझ्या बायकोसमोर आणि मुलीसमोर सांग. आल्या आल्या. बसायच्या आधी. मग बस म्हणायचं की नाही ते त्या ठरवतील, मी मध्ये पडणार नाही."

कबूल. डॉक्टरचं ऐकलं नाही, मुलाचं ऐकलं नाही, तुझं घरी बस तर मुळीच ऐकलं नाही. हे ऐकतो.

त्या मला ओळखत नाहीत. तुझ्या बायकोने मला कधी पाहिलेलं नाही, मुलीला काका आहे हे तरी ठाऊक आहे का, तू लिहिलं नाहीस. दारात घामाने भिजलेला एक म्हातारा येईल आणि नाव सांगण्याआधी हे सांगेल. कान वाजतायत तेही सांगेन, त्याशिवाय सांगितलं असं होत नाही. त्या म्हणाल्या की जा, तर जाईन. पुढे दीपगृहापर्यंत अजून पाच दिवसांचा रस्ता आहे, तो मी पुरा करीन, तेवढा हट्ट माझ्याकडे शिल्लक आहे. पण रडून दाखवणार नाही आणि स्टेंटचं तर नावही काढणार नाही. ते तूही त्यांना सांगू नकोस. आजारी माणसाला लोक उगाच आत घेतात.

सात तारखेला निघतो. चौथ्या दिवशी, दहाला, सकाळी दहाच्या सुमारास तुमच्या दारात असेन. दोघींना घरी थांबायला सांग. खुर्ची आधी मांडून ठेवू नकोस.

दादा